स्वच्छतेचा कर्नल आणि एक डास

पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला, की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागतात. खाटा भरतात, मग दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या पडतात. या दिवसांत एक तक्रार दरवर्षी ऐकू येते. रुग्णाची आई किंवा बायको जरा दुखावल्या सुरात सांगते की, घर रोज दोनदा पुसले जाते, आसपास उघडे गटार नाही, कचऱ्याचा ढीग नाही, मग डेंग्यू आमच्याच घरात कसा आला? या प्रश्नात खोट काहीच नाही. पण त्याच्या मुळाशी एक फार जुनी समजूत आहे. रोग घाणीतून येतो, दुर्गंधीतून येतो. जिथे वास नाही तिथे रोग नाही, अशी ती समजूत.

एकोणिसाव्या शतकात ही समजूत नुसती लोकांची नव्हती, शास्त्राचीही होती. तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवून एका माणसाने आयुष्यभर काम केले. त्या कामाने शहरे राहण्याजोगी झाली. आणि त्या समजुतीच्या चौकटीत न बसणाऱ्या एका आजारानेच शेवटी त्याचा जीव घेतला. त्याचे नाव कर्नल जॉर्ज एडविन वेअरिंग. तो डॉक्टर नव्हता. शेतीतज्ज्ञ, जलनिस्सारणाचा इंजिनीअर, घोडदळाचा कर्नल, प्रवासवर्णने लिहिणारा हौशी प्रवासी आणि न्यूयॉर्क शहराचा झाडू खात्याचा प्रमुख, असे त्याचे आयुष्य होते. आरोग्याच्या सदरात त्याची आठवण काढायची ती तो जिंकला त्या लढायांसाठी, आणि हरला त्या एका लढाईसाठीही.

चिखलातून सुरुवात

वेअरिंगचा जन्म ४ जुलै १८३३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या पाउंड रिज या गावी झाला. तरुणपणी त्याने शेतीच्या रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि शेतीवर व्याख्याने देत फिरू लागला. त्याचा खास विषय होता जमिनीत साचलेले पाणी बाहेर काढणे. ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत पिकांची मुळे कुजतात. अशा जमिनीखाली मातीच्या भाजलेल्या नळ्या ठरावीक उताराने पुरल्या, की जादा पाणी निघून जाते आणि जमीन कसदार होते.

१८५७ मध्ये त्याला मोठे काम मिळाले. न्यूयॉर्क शहराच्या मधोमध भव्य उद्यान करायचे ठरले होते. आज आपण ज्याला सेंट्रल पार्क म्हणतो, ती जागा तेव्हा खडकाळ, दलदलीची आणि डबक्यांनी भरलेली होती. उद्यानाचा शिल्पकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड वेअरिंगला ओळखत होता. दलदल कोरडी करण्याची जबाबदारी त्याने या चोविशीतल्या तरुणावर टाकली. वेअरिंगने मैलोन्‌मैल नळ्या जमिनीखाली टाकल्या. आज तिथे हिरवळीवर बसणाऱ्यांना पायाखाली काय आहे याची कल्पनाही नसते.

या कामामागे नुसते सौंदर्य नव्हते, आरोग्याचाही विचार होता. त्या काळच्या शास्त्राप्रमाणे कुजणाऱ्या वस्तू, दलदल आणि मैला यांतून विषारी वाफा निघतात आणि श्वासावाटे शरीरात जाऊन रोग निर्माण करतात. मलेरिया या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच मुळी वाईट हवा असा आहे. वेअरिंगचा या सिद्धांतावर मनापासून विश्वास होता. १८६७ मध्ये निचऱ्यावर त्याने लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच नफ्यासाठी निचरा आणि आरोग्यासाठी निचरा असे दोन्ही हेतू होते. गंमत म्हणजे दलदल आटवली की हिवताप खरोखर कमी होई. मात्र त्याचे कारण वाफा नव्हत्या. हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस डासाची पैदास साचलेल्या पाण्यात होते, आणि ते पाणीच नाहीसे होत होते. इलाज बरोबर, कारण चूक. वेअरिंगच्या आयुष्यात हे पुढे पुन्हा पुन्हा घडणार होते.

घोड्यावरचा कर्नल

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. वेअरिंग उद्यानाचे काम सोडून उत्तरेच्या सैन्यात दाखल झाला. आधी तो गॅरिबाल्डी गार्ड या पलटणीत मेजर होता. हंगेरी, इटली, जर्मनी अशा अनेक देशांतून आलेल्या स्थलांतरितांची ही पलटण. नंतर तो पश्चिमेकडे मिसुरीला गेला आणि चौथ्या मिसुरी घोडदळाचा कर्नल झाला. त्यातले बरेचसे स्वार जर्मन बोलणारे होते. १८६४ मध्ये मिसिसिपीत दक्षिणेचा प्रसिद्ध घोडदळ सेनापती नेथन बेडफर्ड फॉरेस्ट याच्याशी त्याची गाठ पडली, आणि तिथे उत्तरेच्या सैन्याला सपाटून मार खावा लागला. युद्धानंतर वेअरिंगने आठवणींचे एक पुस्तक लिहिले. त्यात सेनापतींपेक्षा त्याच्या घोड्यांनाच जास्त जागा आहे. विक्स नावाच्या घोडीवर त्याचा फार जीव होता.

एका वैद्याच्या नजरेने पाहिले तर या युद्धाचा खरा शत्रू वेगळाच होता. त्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले आणि त्यांतले सुमारे दोन तृतीयांश गोळीने नव्हे, रोगाने मेले. अतिसार, विषमज्वर, हिवताप, गोवर. छावणीत शौचाचे खड्डे कुठे खणायचे आणि पिण्याचे पाणी कुठून घ्यायचे हे धड न ठरवल्याने पलटणीच्या पलटणी आडव्या झाल्या. छावण्यांच्या स्वच्छतेसाठी नेमलेल्या स्वयंसेवी आयोगाचा कारभार पाहत होता तो वेअरिंगचा जुना वरिष्ठ ओल्मस्टेडच. युद्धातून वेअरिंगने दोन गोष्टी घरी आणल्या. एक, कर्नल ही उपाधी, जी त्याने जन्मभर लावली. दुसरी, हजारो माणसांना शिस्तीने एका कामाला लावण्याची हातोटी.

पुढची काही वर्षे तो ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टजवळ ऑग्डेन फार्म या शेतावर राहिला. तिथे त्याने जर्सी जातीच्या गाई पाळल्या. मधूनमधून युरोपच्या वाऱ्या चालू होत्या. हॉलंडमध्ये समुद्र हटवून काढलेली शेते त्याने पाहिली, जर्मनीतल्या मोझेल नदीतून होडीने प्रवास केला, टायरॉलच्या डोंगरात भटकला आणि या सगळ्यावर पुस्तके लिहिली. त्याच्या प्रवासवर्णनांत निसर्ग आहेच, पण नाल्या, बंधारे, गोठे आणि खताचे ढीगही आहेत. नजर इंजिनीअरची होती.

याच काळात तो घरांच्या सांडपाण्याकडे वळला. मोऱ्या आणि संडासांच्या नळांतून घरात शिरणारा गटाराचा वायू हे विषमज्वर आणि घटसर्पाचे कारण आहे, असे तो लेखांमधून सांगे. आज आपल्याला माहीत आहे की विषमज्वर वासाने होत नाही; रुग्णाच्या विष्ठेतले जंतू पाण्यातून किंवा अन्नातून दुसऱ्याच्या पोटात गेले की होतो. पण या भीतीपोटीच घरोघरी मोरीच्या नळाला वाकडा बाक देऊन त्यात पाणी अडवून ठेवण्याची पद्धत रुजली. तुमच्या बेसिनखाली वळलेली नळी दिसते ना, तीच ही. त्या पाण्याच्या पडद्यामुळे वास अडतो आणि झुरळे, किडेही वर येत नाहीत. इथेही इलाज टिकला, कारण मात्र मागे पडले.

मेंफिसचे मरण आणि सहा इंची नळ

१८७८ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी नदीकाठच्या मेंफिस शहरात पीतज्वराची साथ आली. पीतज्वर हा विषाणूजन्य आजार आहे. आधी ताप, डोकेदुखी, पाठदुखी. मग एखादा दिवस बरे वाटते. आणि काही रुग्णांत तो उलटतो. यकृत बिघडून कावीळ होते, रक्तस्राव होतो, काळी उलटी होते. साथीची बातमी पसरताच अर्ध्याहून अधिक शहर पळून गेले. मागे राहिले ते मुख्यतः गरीब. त्यांतल्या पाच हजारांहून अधिक लोकांचा त्या एका मोसमात बळी गेला. शहर आधीच कर्जात होते, आता त्याचे दिवाळे निघाले. १८७९ मध्ये तर मेंफिसने शहर म्हणून असलेली सनदच गमावली. त्याच वर्षी साथ पुन्हा आली.

आपली नगरे घाणीने मरतात असे वेअरिंग कित्येक वर्षे सांगत होता. आता त्याला एक आख्खे शहर मिळाले. त्याची योजना साधी होती. लंडनसारख्या शहरांत पावसाचे पाणी आणि मैला एकाच प्रचंड भुयारी गटारातून वाहत असे. मेंफिसकडे तेवढा पैसा नव्हता. वेअरिंगने सुचवले की पावसाचे पाणी रस्त्यावरून जाऊ द्या, नळात फक्त घरातले सांडपाणी आणि मैला घ्या. मग नळ लहान पुरतो. गल्लीतल्या नळाचा व्यास अवघा सहा इंच. प्रत्येक नळाच्या वरच्या टोकाला एक टाकी. ती भरली की दिवसातून एकदा आपोआप रिकामी होई आणि पाण्याच्या लोंढ्याने नळ धुऊन निघे. १८८० च्या जानेवारीत काम सुरू झाले आणि काही महिन्यांत मैलोन्‌मैल नळ पडले.

ही पद्धत अगदी बिनचूक नव्हती. आत उतरून पाहण्याच्या जागा कमी ठेवल्याने नळ तुंबत आणि रस्ता खणावा लागे. इतर इंजिनीअरांनी त्यावर टीका केली आणि ती बरीचशी रास्त होती. पण सांडपाणी आणि पावसाचे पाणी वेगळे ठेवण्याचे तत्त्व पुढे जगभर रुळले. आणि मेंफिसमध्ये तशी भयंकर साथ पुन्हा आली नाही. वेअरिंगला वाटले, आपले म्हणणे सिद्ध झाले. लोकांनाही तसेच वाटले. तो देशभर प्रसिद्ध झाला. १८८० च्या जनगणनेसाठी दोनशेहून अधिक शहरांच्या पाणी, गटार, कचरा यांची माहिती गोळा करण्याचे प्रचंड काम त्याच्याकडे आले आणि त्याचे दोन जाडजूड खंड प्रसिद्ध झाले.

पांढऱ्या गणवेशातली फौज

वेअरिंगच्या आयुष्यातले सगळ्यांत गाजलेले पर्व मात्र त्याची साठी उलटल्यावर सुरू झाले. १८९५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुधारणावादी महापौर विल्यम स्ट्राँग सत्तेवर आले. त्यांनी झाडू खात्याचे प्रमुखपद आधी थिओडोर रूझवेल्ट यांना देऊ केले होते, हेच पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्यांनी ते नाकारले आणि पोलीस खाते घेतले. झाडू खाते आले वेअरिंगकडे.

तेव्हाच्या न्यूयॉर्कची आज कल्पना करणे कठीण आहे. सगळी वाहतूक घोड्यांची. एक घोडा दिवसाला साधारण दहा किलो लीद टाकतो, आणि शहरात घोडे होते हजारोंनी. लीद, मूत्र, घरातला ओला कचरा, चुलीची राख, सगळे रस्त्यावर. मेलेले घोडे रस्त्याकडेला पडून राहत. गरीब वस्त्यांत गुडघाभर घाण साचे, आणि त्याच रस्त्यावर मुले खेळत. रात्री हजारो रिकाम्या गाड्या रस्त्यावरच सोडलेल्या असत, त्यामुळे झाडायला जागाच नसे. झाडू खात्यात नोकरी मिळायची ती पक्षाच्या वशिल्याने. निवडणुकीत काम केले की झाडू हातात; मग तो चालवला नाही तरी पगार चालू.

वेअरिंगने पहिल्यांदा वशिला तोडला. कोणत्याही पक्षाच्या चिठ्ठीवर नोकरी मिळणार नाही आणि जाणारही नाही, हे त्याने जाहीर केले. कामाचे आठ तास ठरवले, दिवसाला दोन डॉलर मजुरी ठेवली. कामगारांनी आपले प्रतिनिधी निवडावेत आणि तक्रारी त्यांच्यामार्फत मांडाव्यात अशी व्यवस्था केली. रस्त्यावरच्या बेवारस गाड्या उचलल्या. मग त्याने एक गोष्ट केली, जिची सगळ्या शहराने टिंगल केली. झाडूवाल्यांना त्याने पांढरा शुभ्र गणवेश आणि डोक्यावर शिरस्त्राणासारखी टोपी दिली.

चिखलात काम करणाऱ्याला पांढरे कपडे? पण कर्नलचा हिशेब पक्का होता. पांढरा माणूस लांबून दिसतो; तो झाडतो आहे की दारूच्या गुत्त्यात बसला आहे हे कोणालाही कळते. दुसरे, पांढरा रंग लोकांच्या मनात डॉक्टर आणि परिचारिकेशी जोडलेला. झाडू मारणारा हा शहराचे आरोग्य राखणारा माणूस आहे, हे त्याला बोलून नव्हे तर दाखवून सांगायचे होते. १८९६ च्या मे महिन्यात त्याने फिफ्थ ॲव्हेन्यूवरून या फौजेचे संचलन काढले. पुढे घोड्यावर स्वतः कर्नल, मागे रांगेने पांढऱ्या वेशातले झाडूवाले. हसायला आलेले लोक टाळ्या वाजवून घरी गेले. लोक या कामगारांना कौतुकाने व्हाइट विंग्ज, म्हणजे पांढरे पंख, म्हणू लागले.

ही हकीकत वाचताना मला आमच्या दवाखान्यात येणारे सफाई कामगार आठवतात. पावसात गुडघाभर पाण्यात काम करून लेप्टो झालेले, धुळीत काम करून दम लागलेले. मैलासफाई हाताने करून घेण्यावर आपल्याकडे २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी गटारात उतरून विषारी वायूने गुदमरलेल्यांच्या बातम्या येतच राहतात. शहर स्वच्छ ठेवणाऱ्याची प्रतिष्ठा हा आरोग्याचाच प्रश्न आहे, हे कर्नलला १८९६ मध्ये समजले होते.

कचऱ्याचे त्याने तीन भाग करायला लावले. स्वयंपाकघरातला ओला कचरा वेगळा, राख वेगळी, कागद-चिंध्यांसारखा सुका कचरा वेगळा. याआधी हा सगळा कचरा समुद्रात लोटला जाई आणि भरतीबरोबर किनाऱ्यावर परत येई. आता ओल्या कचऱ्यातून चरबी आणि खत निघू लागले, राख भरावासाठी गेली आणि सुक्या कचऱ्यातल्या विकाऊ वस्तू विकल्या गेल्या. आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. ओला-सुका हे शब्द त्यानंतर घरोघरी पोचले. कर्नलने लोकांना सवय लावण्यासाठी शाळकरी मुलांची पथके काढली. मुलांना बिल्ले दिले, शपथ दिली. स्थलांतरितांच्या वस्तीत आईबापांना इंग्रजी येत नसे. त्यांना नियम समजावून सांगायचे काम ही मुले करत.

तो सगळ्यांना आवडत होता असे मात्र नाही. त्याची जीभ तिखट होती. माजी सैनिकांच्या संघटनेतले लोक फुकटच्या पेन्शनवर जगतात अशा अर्थाचे तो बोलून गेला, आणि स्वतः माजी सैनिक असूनही त्याने मोठे वादळ ओढवून घेतले. महापौरांनी त्याला सांभाळून घेतले. पण १८९७ च्या निवडणुकीत जुना पक्ष परत सत्तेवर आला आणि कर्नलची नोकरी गेली.

त्याच्या कारकिर्दीत काय साधले? न्यूयॉर्कचा मृत्युदर त्याआधीच्या डझनभर वर्षांत हजारी सुमारे २७ होता. १८९७ च्या पहिल्या सहामाहीत तो २० च्या खाली आला. कर्नलने हे श्रेय झाडूला दिले. डॉक्टर म्हणून मी इथे थोडा थांबेन. त्याच वर्षांत शहराच्या आरोग्य खात्याने घटसर्पावरची प्रतिविष लस वापरायला सुरुवात केली होती आणि गरीब मुलांसाठी निर्जंतुक दुधाची केंद्रेही सुरू झाली होती. आकडा खाली येण्यात या सगळ्यांचा वाटा होता. तरी लीद आणि ओला कचरा गेल्याने माश्या कमी झाल्या असणार, आणि माश्या कमी म्हणजे बाळांचे जुलाब कमी, हे मानायला जागा आहे. झाडू निरुपयोगी नव्हता. तो एकटा मात्र नव्हता.

हवाना

१८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध झाले. क्युबा अमेरिकेच्या ताब्यात आले. या युद्धातही गोळ्यांपेक्षा रोगांनीच जास्त अमेरिकी सैनिक मेले. क्युबाची राजधानी हवाना हे पीतज्वराचे माहेरघर समजले जाई. तिथून निघालेली जहाजे अमेरिकेच्या बंदरांत साथ नेत. हे शहर स्वच्छ कसे करायचे याची पाहणी करायला अध्यक्ष मॅकिन्ली यांनी वेअरिंगला पाठवले. तेव्हा तो ६५ वर्षांचा होता.

ऑक्टोबर महिन्यात तो हवानात पोचला. गल्ल्या, बंदर, घरांचे चौक, मैल्याचे खड्डे, दलदल सगळे फिरून पाहिले. गटारे बांधा, रस्ते फरसबंद करा, दलदल भरून काढा असा आराखडा त्याने मनाशी पक्का केला. महिनाअखेरीस तो बोटीने न्यूयॉर्कला परतला तेव्हा त्याला ताप होता. तो पीतज्वर होता. २९ ऑक्टोबर १८९८ रोजी तो आपल्या घरी मरण पावला. घराला विलगीकरणाचा पहारा बसला. ज्या शहराने त्याच्या मिरवणुकीला टाळ्या वाजवल्या होत्या, तिथे त्याला साधी अंत्ययात्राही मिळाली नाही. बंदरातल्या विलगीकरणाच्या बेटावर त्याचे दहन झाले. अहवाल त्याच्या सहकाऱ्याने टिपणांवरून पुरा केला.

याच हवानात कार्लोस फिनले या क्युबन डॉक्टरने १८८१ मध्येच मांडले होते की पीतज्वर डासामुळे पसरतो. डासही त्याने अचूक ओळखला होता, आज आपण ज्याला एडीस इजिप्ती म्हणतो तो. पण प्रयोगांनी खात्री पटत नव्हती आणि लोक त्याला हसत. एक दुवा निसटत होता. डास पीतज्वराच्या रुग्णाला चावल्यावर लगेच आजार पसरवू शकत नाही. विषाणू डासाच्या अंगात वाढायला दहा-बारा दिवस लागतात.

कर्नलच्या मृत्यूनंतर अमेरिकी सैन्याने हवाना त्याच विचाराने घासूनपुसून काढले. हजारो घरे साफ झाली, रस्ते धुतले गेले. विषमज्वर आणि हगवण खरोखर कमी झाली. पण १९०० मध्ये पीतज्वर उलट वाढला. आता स्वच्छ झालेल्या शहरात बाहेरून नवे लोक आले होते, त्यांच्यात प्रतिकारशक्ती नव्हती आणि डास जिथल्या तिथे होते. त्याच वर्षी मेजर वॉल्टर रीड यांच्या पथकाने प्रयोगांनी दाखवून दिले की रुग्णाचे घाणेरडे कपडे आणि अंथरूण वापरूनही पीतज्वर होत नाही. तो डासच पसरवतो. या कामात पथकातल्या डॉ. जेसी लाझीयर यांचा पीतज्वरानेच मृत्यू झाला. मग मेजर विल्यम गॉर्गस यांनी गटारांऐवजी पाण्याची पिंपे, हौद, माठ तपासायला माणसे घरोघर पाठवली. पाणी झाका, नाहीतर ओता, नाहीतर त्यावर रॉकेल टाका. १९०१ मध्ये काही महिन्यांतच हवानातला पीतज्वर संपला. वेअरिंगला मरून तीन वर्षेही झाली नव्हती.

मग मेंफिसचे काय? तिथे पूर्वी लोक पावसाचे पाणी घरातल्या टाक्यांत साठवून पीत. त्या टाक्या म्हणजे एडीस डासाचे पाळणाघर. पुढे १८८७ मध्ये तिथे जमिनीखालचे चांगले पाणी सापडले आणि या टाक्यांची गरज उरली नाही. जहाजांची आणि रेल्वेची तपासणीही कडक झाली होती. वेअरिंगच्या गटारांनी मेंफिसचे जुलाब आणि विषमज्वर रोखले, यात शंका नाही. पीतज्वर गेला तो बहुतेक या दुसऱ्याच गोष्टींमुळे.

अशी चूक फक्त अमेरिकेत झाली असे नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा इथेही गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडले गेले. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवले ते १८९८ मध्ये कराचीत, म्हणजे कर्नल गेला त्याच वर्षी. ते मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली.

आता त्या नातेवाइकांच्या प्रश्नाकडे वळू. कर्नलचा जीव घेणारा एडीस इजिप्ती हा डास आपल्या घरात आहे. भारतात पीतज्वर नाही. म्हणूनच आफ्रिकेतल्या काही देशांतून येणाऱ्यांकडे लसीचा दाखला मागतात. पण डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा डास हाच. त्याला घाण लागत नाही. त्याला लागते स्वच्छ, साठलेले, न हललेले पाणी. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, झाकण नीट न बसणारा ड्रम, गच्चीवर टाकलेला टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेले भांडे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, आणि अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, कडा घासून काढावी लागते. हा डास दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही. तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्याच किंवा शेजारच्या घरात जन्मलेला असतो. आरोग्य सेवक आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे सांगतात, ते त्यामुळेच.

म्हणजे घर पुसू नये, गटारे बांधू नयेत असे नाही. कर्नलने जे केले ते आजही करायलाच हवे. त्याशिवाय कावीळ, विषमज्वर, जुलाब आटोक्यात येत नाहीत. पण प्रत्येक रोगाची वाट वेगळी असते आणि ती वाट ओळखूनच अडवावी लागते. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे आणि नाकाला न खुपणारे सगळेच सुरक्षित नसते. पासष्टाव्या वर्षी हवानाच्या गल्ल्यांत वाकून गटारे पाहणाऱ्या कर्नलच्या मनगटावर एखादा डास बसला असेल. जवळच्याच कुठल्या तरी घरात पिण्याच्या पाण्याने भरलेले एखादे मातीचे भांडे असेल. त्याच्याकडे बघायचे त्याला सुचलेही नसेल. ते पाणी निवळ होते.

वॉर्डात तो प्रश्न आला, की मी आता नातेवाइकांना विचारतो, फ्रिजच्या मागे शेवटचे कधी पाहिले होते? बहुतेक जण उत्तर देत नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन येतात तेव्हा त्यांतले काही जण ओशाळून सांगतात की, ट्रेमध्ये वळवळणारे किडे होते.